दुसरा मोडेम

पहिला बोलत होता. त्याची तक्रार नव्हती.
शिट्टी, खाकरणं, मग एक लांब खरखर,
आणि आमच्या बेटावरचं वाचनालय
समुद्रापलीकडच्या तालिनला जोडलं जायचं.
दुसऱ्याची मात्र दातखीळ बसलेली.
हूं नाही, चूं नाही.
तांबडा दिवा एकदाच लागायचा,
झोपेत कुणी कूस बदलावी तसा.

जानेवारी. खिडकीच्या आतल्या बाजूनंही बर्फ धरलेलं.
चारशे शहाऐंशीचं झाकण काढून मी गुडघ्यांवर,
टॉर्च दातांत,
आणि शाळेचे वाम्बोला मास्तर दारात:
"ताव्ही, सोमवारी मुलं बसणार आहेत यावर."
शुक्रवारपासून सहाव्यांदा.

घोडं पेंड कुठं खातंय
ते आधी सुरुवातीच्या ओळींत दिसलं.
पहिल्या पोर्टाला इंटरप्ट चार, तिसऱ्यालाही चार.
एका घंटेवर दोन नोकर.
ती वाजली की पहिला उठतो,
दुसरा म्हणतो, आपल्याला नसेल.
चिमट्यानं जंपर उचलला
(पडला, फळ्यांच्या फटीत, अर्धा तास गेला),
पाचावर बसवला,
कर्नलला एका ओळीत कळवलं, याचं घर बदललंय,
आणि मोडेमला हाक मारली.
ओके.
दोन अक्षरं. मी गार झालेली कॉफी तशीच प्यायलो.

पण नंबर फिरवायला सांगितलं तर:
डायल टोन नाही.
तार बदलली. खोबण बदलली.
मेलेल्या प्रोसेसनं मागं ठेवलेलं कुलूप काढून टाकलं.
टोनची वाट न बघता फिरव म्हटलं,
तर त्यानं आज्ञाधारकपणे पोकळीत नंबर फिरवला.
मग वहीत वेळा मांडत बसलो.
सात पन्नास, लागला. आठ पाच, नाही.
आठ चाळीस, नाही. नऊ दहा, लागला.
यंत्राला घड्याळ कळतं का?

चौथ्या संध्याकाळी तो पावणेआठला लागला
आणि मी तोडलाच नाही.
सव्वाआठला दार वाजलं.
पिवळ्या घरातल्या आस्ताबाई, नमद्याचे बूट,
पापण्यांवर हिमाचे कण.
"माझा फोन मेलाय. हाप्सालूला बहीण वाट बघत बसली असेल."
त्यांची नजर मोडेमवर गेली.
एकतीस वर्षं एक्सचेंजवर काढलेली बाई.
"हे दिवे कधीपासून लागलेत?"
"पावणेआठ."
"काढ ती तार. आणि माझ्या घरी जाऊन रिसीव्हर उचल."

मी कोटाशिवाय धावलो.
त्यांच्या स्वयंपाकघरात, सुकत घातलेल्या मोज्यांशेजारी,
फोन होता, आणि त्यात टोन.
जाडजूड, सलग, जिवंत.

"जुनी सोय," परत आल्यावर त्या म्हणाल्या.
"तारा कमी, माणसं फार. एका जोडीवर दोन घरं,
मध्ये एक डबी. एक बोलला की दुसरा मुका.
खांबावर असेल अजून. मीच नोंदवली होती."
म्हणजे तेच.
एक घंटा, दोन नोकर,
फक्त ही डबी वादळात टांगलेली
आणि तिला जंपर नाही.

कंपनीचं उत्तर आलं: बर्फ वितळल्यावर बघू.
तोवर मी वेळापत्रकाच्या फाइलीत एक ओळ घातली,
आठ ते नऊ दुसऱ्यानं गप्प बसायचं,
आणि वर शेरा लिहिला: आस्ता. काढू नये.
वाम्बोला मास्तर कुरकुरले. मुलांना नऊला झोप येते म्हणे.

पुढच्या आठवड्यात त्या पावाचा तुकडा घेऊन आल्या,
खुर्ची ओढून त्या दोघांची खरखर ऐकत बसल्या.
"काय बोलतात रे?"
"आधी वेग ठरवतात."
"आम्हीही ठरवायचो. हाप्सालूची पोर हळू लिहायची.
मग आपणही हळू सांगायचं."
जाता जाता उंबऱ्यावर थांबल्या.
"रविवारचं सव्वानऊ कर.
तिला हल्ली कमी ऐकू येतं,
सगळं दोनदा सांगावं लागतं."

मी फाइल उघडली.